एस्तोरिलचा सोमवार: बेन्फिकाने २०१३ चं विजेतेपद नेमकं कुठे घालवलं?

पोर्तुगालच्या प्रिमेइरा लिगा या सर्वोच्च फुटबॉल लीगच्या २०१२-१३ च्या अंतिम गुणतक्त्यातल्या वरच्या दोन ओळी अशा आहेत (विजयाला ३ गुण, बरोबरीला १). पोर्तो: ३० सामने, २४ विजय, ६ बरोबरी, ० पराभव, ७८ गुण. बेन्फिका: ३० सामने, २४ विजय, ५ बरोबरी, १ पराभव, ७७ गुण. विजय सारखेच. गोल बेन्फिकाचे जास्त, ७७ विरुद्ध ७०. म्हणजे वर्षभराच्या खेळात दोघांत फरक एवढाच की पोर्तोच्या सहाव्या बरोबरीच्या जागी बेन्फिकाच्या नावावर एक पराभव लागला. हा एकुलता एक पराभव पोर्तोच्याच मैदानावर, शेवटून दुसऱ्या फेरीत आणि ९२ व्या मिनिटाला पदरी पडला.

त्यामुळे या मोसमाची गोष्ट सांगताना सगळे थेट त्या ९२ व्या मिनिटावर येतात. केल्विन नावाचा १९ वर्षांचा ब्राझिलियन पोरगा, त्याचा डाव्या पायाचा फटका आणि गुडघ्यांवर कोसळलेले बेन्फिकाचे प्रशिक्षक जॉर्ज जेझुस. हे चित्र इतकं प्रभावी आहे की त्याच्या पाच दिवस आधीची एक रात्र त्यामागे पार झाकली गेली. माझ्या मते प्रकरण त्या आधीच्या रात्रीचं आहे. पण तिथे पोहोचण्याआधी ऑगस्टपासून सुरुवात करावी लागेल.

ऑगस्टचा बाजार

पोर्तुगीज क्लबांचं अर्थकारण साधं आणि कठोर आहे. दक्षिण अमेरिकेतून खेळाडू आणायचे, दोन-तीन वर्षं घडवायचे आणि श्रीमंत लीगला विकायचे. टीव्ही हक्कांचं उत्पन्न इंग्लंड किंवा स्पेनच्या पासंगालाही पुरत नाही, त्यामुळे विक्री ही चैन नसून गरज असते. २०१२ च्या उन्हाळ्यात या गरजेला रशियन मुहूर्त लागला. पोर्तुगालमधली खरेदी-विक्रीची मुदत ३१ ऑगस्टला संपली, रशियातली मात्र आणखी काही दिवस चालू होती. ३ सप्टेंबरला सेंट पीटर्सबर्गच्या झेनितने एकाच दिवशी पोर्तोचा हल्क आणि बेन्फिकाचा आक्सेल वित्सेल उचलला. वित्सेलसाठी त्यांनी मोजले ४ कोटी युरो. दोन्ही क्लबांच्या तिजोऱ्या भरल्या, पण त्या पैशातून पर्यायी खेळाडू घ्यायला बाजारच उघडा नव्हता.

बेन्फिकाला हा फटका जास्त बसायला हवा होता, कारण काही दिवसांपूर्वीच त्यांनी हावी गार्सियाला मँचेस्टर सिटीला विकलं होतं. मधल्या फळीतले दोन्ही खांब गेले. जेझुसने घरातल्या घरात डागडुजी केली. चेल्सीने दाविद लुईझच्या व्यवहारात इकडे पाठवलेला सर्बियाचा नेमान्या मातिच बचावात्मक जागी उभा केला आणि मूळचा विंगर असलेल्या एन्झो पेरेझला मध्यभागी ओढला. ही जोडी पुढे वर्षभर इतकी चालली की गेलेल्या दोघांची आठवण फारशी कुणी काढली नाही. प्रशिक्षक म्हणून जेझुसची ही सगळ्यात मोठी कामगिरी होती, आणि गंमत म्हणजे मोसमाचा शेवट असा झाल्यामुळे तिचं श्रेय त्यांना कधी नीट मिळालंच नाही. पण डागडुजी म्हणजे नवं बांधकाम नव्हे. या दोघांच्या मागे त्याच तोलामोलाचं तिसरं माणूस नव्हतं. मे महिन्यात त्याची किंमत मोजावी लागणार होती.

पोर्तोकडे जोआव मोतिन्यो, लुचो गोन्झालेझ आणि २१ वर्षांचा हामेस रॉड्रिगेज होते. पुढे कोलंबियाचा जाक्सन मार्तिनेझ, जो पहिल्याच मोसमात २६ गोल करून लीगमधला सर्वाधिक गोल करणारा ठरला. प्रशिक्षक व्हितोर परेरा. वसईत नाहीतर गोव्यात राहणाऱ्याला हे आडनाव ओळखीचंच. या गोष्टीत पुढे आणखी दोन परेरा येतील, तेव्हा गोंधळ नको म्हणून आधीच सांगून ठेवतो. व्हितोर परेरा पोर्तोच्या लोकांचा लाडका कधीच नव्हता. आंद्रे व्हिलाश-बोआशचा सहायक म्हणून आलेला, तो चेल्सीला गेल्यावर खुर्चीवर बसलेला माणूस. चेंडू आपल्याकडे ठेवून प्रतिस्पर्ध्याला दमवणारा त्याचा खेळ अनेकांना कंटाळवाणा वाटायचा. पण दोन मोसमांत, लीगच्या ६० सामन्यांत, तो फक्त एकदा हरला.

दोन घोडे बरोबरीने

जानेवारीपर्यंत दोघं एकमेकांना चिकटून होते. १३ जानेवारीला बेन्फिकाच्या घरच्या, लिस्बनमधल्या लूश मैदानावर २-२. त्या सामन्याचे चारही गोल पहिल्या १७ मिनिटांत झाले, आणि त्यातला मातिचचा हवेतल्या हवेत मारलेला गोल वर्षातल्या सर्वांत सुंदर गोलसाठीच्या पुष्कास पुरस्कारात त्या वर्षी दुसरा आला.

बाकीच्या लीगबद्दल दोनच गोष्टी, कारण त्या पुढे उपयोगी पडतील. एक, स्पोर्टिंग लिस्बन पार कोसळलं होतं. मोसमात चार प्रशिक्षक झाले, मार्चमध्ये ब्रुनो द कार्व्हाल्यो अध्यक्ष म्हणून निवडून आले आणि क्लब सातव्या क्रमांकावर राहिला, त्यांच्या इतिहासातला सर्वांत खालचा. दोन, त्यांनी मोकळी केलेली जागा छोट्यांनी भरली. फर्निचरच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावातला पासोश द फेरेरा तिसरा आला. आणि खालच्या विभागातून नुकताच वर आलेला, लिस्बनजवळच्या समुद्रकाठचा एस्तोरिल पाचवा. एस्तोरिलचे प्रशिक्षक होते मार्को सिल्व्हा, वय ३५, आदल्या वर्षापर्यंत त्याच क्लबचे माजी खेळाडू एवढीच ओळख असलेले.

मार्चमध्ये पोर्तो अडखळला. स्पोर्टिंगशी ०-०, मग मदैरा बेटावर मारितिमोशी १-१. बेन्फिका जिंकत राहिला आणि चार गुणांची आघाडी घेऊन बसला. त्याच मार्चमध्ये पोर्तो मालागाकडून हरून चॅम्पियन्स लीगमधून बाहेर पडला. पोर्तुगीज कप तर त्यांनी नोव्हेंबरमध्येच ब्रागापुढे घालवला होता. १३ एप्रिलला लीग कपच्या अंतिम सामन्यातही ब्रागानेच त्यांना १-० ने हरवलं. पोर्तोच्या दृष्टीने वर्ष वाया चालल्यासारखं दिसत होतं. पण त्या हरण्यातच त्यांना एक गोष्ट मिळाली जी बेन्फिकाकडे नव्हती: वेळ. तिथून पुढे त्यांना आठवड्याला एकच सामना होता.

बत्तीस दिवस, आठ सामने

बेन्फिकाचं उलट झालं. चॅम्पियन्स लीगच्या गटात बार्सिलोना आणि सेल्टिकच्या मागे तिसरे राहिल्यामुळे ते युरोपा लीग या दुय्यम युरोपीय स्पर्धेत आले. आणि तिथे जिंकत गेले: लेव्हरकुसेन, बोर्दो, न्यूकॅसल, फेनरबाह्चे. एका अपयशाने मोसमात नऊ सामन्यांची भर घातली. वरून पोर्तुगीज कपचा अंतिम सामनाही होताच. लिस्बनमध्ये लोक लीग, युरोपा लीग आणि कप अशा ‘तिहेरी’ची भाषा बोलू लागले होते.

आता हे वेळापत्रक बघा. २५ एप्रिल, इस्तंबूलमध्ये फेनरबाह्चेविरुद्ध ०-१. २९ एप्रिल, मदैरा बेटावर मारितिमोविरुद्ध विजय. २ मे, लिस्बनला फेनरबाह्चे ३-१, कार्दोझोचे दोन गोल आणि युरोपीय अंतिम फेरी. ६ मे, एस्तोरिल. ११ मे, पोर्तो. १५ मे, ॲमस्टरडॅममध्ये चेल्सी. १९ मे, मोरेरेन्स. २६ मे, कपचा अंतिम सामना. बत्तीस दिवसांत आठ सामने, शेवटचा सोडला तर दोन सामन्यांमध्ये कधीच पाच दिवसांहून जास्त अंतर नाही, आणि मध्ये इस्तंबूलची, बेटाची, ॲमस्टरडॅमची विमानं.

मारितिमोला हरवल्यावर बेन्फिकाच्या गोटात विजेतेपद जवळपास गृहीत धरलं गेलं. तीन सामने बाकी, चार गुणांची आघाडी. आणि पुढचा सामना घरच्या मैदानावर, एस्तोरिलशी. लूशपासून एस्तोरिल म्हणजे लोकल गाडीने जाण्याइतकं जवळ.

सोमवारची रात्र

पोर्तो दोन दिवस आधी नासियोनालला हरवून मोकळा झाला होता. सोमवारी ६ मे रोजी बेन्फिकाने आपला सामना जिंकला असता, तर फरक पुन्हा चार गुणांचा आणि सामने दोनच उरले असते. मग पोर्तोच्या ड्रागाव मैदानावर नुसती बरोबरीदेखील त्यांना तिथल्या तिथे विजेते करून गेली असती. हे चित्र लिस्बनच्या लोकांना किती हवं होतं हे समजायला दोन वर्षं मागे जायला हवं. एप्रिल २०११ मध्ये पोर्तोने लूशवर येऊन, बेन्फिकाला हरवून, त्यांच्याच अंगणात विजेतेपद साजरं केलं होतं. तेव्हा मैदानाचे दिवे घालवले गेले आणि गवताला पाणी देणारे फवारे चालू झाले. ती परतफेड आता हाताच्या अंतरावर होती.

एस्तोरिलला बेन्फिकाच्या भावनांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना युरोपा लीगची जागा हवी होती. पाठीमागे जपून, मधे गर्दी करून आणि चेंडू मिळाला की वेगाने पुढे, असा मार्को सिल्व्हाचा संघ खेळला. ५९ व्या मिनिटाला डावा बचावपटू जेफर्सनने गोल केला. नऊ मिनिटांनी बेन्फिकाच्या उरुग्वेच्या माक्सी परेराने, म्हणजे आपल्या दुसऱ्या परेराने, बरोबरी साधली. हातात वीसेक मिनिटं होती. पण ज्या संघाने वर्षभर शेवटच्या टप्प्यात प्रतिस्पर्ध्याचा दम काढला, त्याचेच पाय आता जड झाले होते. कार्लोस मार्तिन्सला लाल कार्ड मिळालं आणि उरलेला जोर दहा जणांवर आला. १-१. आघाडी चारवरून दोनवर.

घरच्या मैदानावर वरच्या फळीतल्या एखाद्या संघाशी झालेली बरोबरी ही एरवी बातमीच नसते. पण हिशेब करून बघा. बेन्फिका तो सामना जिंकला असता आणि पुढे सगळं जसं घडलं तसंच घडलं असतं, म्हणजे केल्विनचा गोल, ड्रागाववरचा पराभव, शेवटच्या दिवशी दोघांचेही विजय, तरी अंतिम तक्ता बेन्फिका ७९, पोर्तो ७८ असा असता. ९२ व्या मिनिटाला कोसळलेला संघ आठवड्याभराने विजेता ठरला असता, आणि केल्विनचा गोल पोर्तोच्या लोकांची गोड पण निरुपयोगी आठवण होऊन राहिला असता. म्हणून मी म्हणतो की विजेतेपद सोमवारी गेलं. शनिवारी फक्त त्याची नोंद झाली.

शनिवार, आणि एका बदलीवरची टीका

११ मे. ड्रागाववर पन्नास हजारांच्या आसपास माणसं. १९ व्या मिनिटाला लिमाने बेन्फिकाला पुढे नेलं. २६ व्या मिनिटाला पोर्तोच्या व्हारेलाने मारलेला चेंडू माक्सी परेराला लागून आत गेला, स्वयंगोल. पाच दिवसांपूर्वी ज्याने संघाला वाचवलं त्याच्याच अंगावरून ही बरोबरी झाली. त्यानंतर तासभर पोर्तो ढकलत राहिला आणि बेन्फिका थोपवत राहिला.

दुसऱ्या डावात जेझुसने रोडरिक या तरुण बचावपटूला मधल्या फळीत उतरवलं. त्यावरून नंतर त्यांना भरपूर झोडपलं गेलं: भ्याला, मागे सरला, म्हणून हरला. मला ही टीका तेव्हाही पटली नव्हती. बरोबरी झाली असती तर बेन्फिका ७५, पोर्तो ७३, आणि शेवटचा सामना घरच्या मैदानावर, जो मोसमाअखेर खालच्या विभागात घसरला त्या मोरेरेन्सशी. या परिस्थितीत गोलसाठी धावणं हाच वेडेपणा होता. निर्णय बरोबर होता, फक्त तो निभावणारी माणसं दमलेली होती. चौथ्या दिवसागणिक खेळणाऱ्या संघाने नव्वद मिनिटं मागे उभं राहून झेलायचं म्हणजे आधी पाय जातात, मग लक्ष जातं.

व्हितोर परेराकडे मात्र दोन ताजे पत्ते शिल्लक होते. पहिला केल्विन, ज्याने एप्रिलमध्ये बदली खेळाडू म्हणून येऊन ब्रागाविरुद्ध शेवटच्या मिनिटांत दोन गोल ठोकले होते. ते गोल नसते तर पोर्तो शर्यतीतून तेव्हाच बाहेर पडला असता, पण ती रात्रही आता कुणाला आठवत नाही. दुसरा लिएडसन, ३५ वर्षांचा, एकेकाळी स्पोर्टिंगकडून खेळताना बेन्फिकाला नको नको करून सोडलेला, जानेवारीत ब्राझीलहून उसनवारीवर आणलेला. पोर्तोच्या पाठीराख्यांनी त्याच्या येण्यावर नाकं मुरडली होती. भरपाई वेळेच्या दुसऱ्या मिनिटाला लिएडसनने डावीकडे चेंडू सरकवला, केल्विनने पुढे घेतला, रोडरिक अर्ध्या पावलाने उशिरा पोहोचला आणि खालून गेलेला फटका बेन्फिकाचा गोलरक्षक आर्तुरला चुकवून लांबच्या खांबाकडून जाळ्यात गेला. २-१.

दोन गुणांनी मागे असलेला संघ एका गुणाने पुढे गेला. एका फटक्यात तीन गुणांची उलथापालथ, ही फुटबॉलच्या तीन-गुणी पद्धतीची करामत. व्हितोर परेरा कडेने धावत सुटला. जेझुस गुडघ्यांवर बसले. पोर्तुगालमध्ये आजही नुसतं ‘मिनिट ९२’ म्हटलं तरी लोकांना कळतं.

उरलेला मे

चार दिवसांनी ॲमस्टरडॅम. युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात बेन्फिका चेल्सीहून सरस खेळला. चेल्सीच्या तोरेसचा गोल, बेन्फिकाच्या कार्दोझोची पेनल्टी, आणि मग भरपाई वेळेच्या तिसऱ्या मिनिटाला कॉर्नरवर चेल्सीच्या इव्हानोविचचं डोकं. पुन्हा २-१, पुन्हा ९० मिनिटं उलटून गेल्यावर. १९६२ मध्ये बेला गुटमन हे प्रशिक्षक पैशांवरून भांडून क्लब सोडताना बेन्फिकाला पुन्हा युरोपीय चषक मिळणार नाही असा शाप देऊन गेले अशी दंतकथा आहे, आणि दर हरलेल्या युरोपीय अंतिम सामन्यानंतर ती उकरून काढली जाते. हा सातवा होता. शापापेक्षा वेळापत्रक तपासलेलं बरं, पण शाप सांगायला सोपा असतो.

१९ मे रोजी लीगची शेवटची फेरी. बेन्फिकाने मोरेरेन्सला ३-१ हरवून आपलं काम केलं. पोर्तो पासोशला गेला. लुचोची पेनल्टी, जिच्यावरून बराच वाद झाला, आणि जाक्सनचा गोल, २-०. पोर्तो विजेता, तोही संपूर्ण मोसम अपराजित. बेन्फिकाच्या जुन्या पाठीराख्यांना इथे १९७७-७८ आठवलं असेल. त्या मोसमात बेन्फिका एकही सामना हरला नव्हता, पोर्तो एक हरला होता, आणि तरी गुण सारखे होऊन गोलफरकावर विजेतेपद पोर्तोने नेलं होतं. न हरूनही नाही, एकदाच हरूनही नाही.

२६ मेला लिस्बनबाहेरच्या जमोर मैदानावर कपचा अंतिम सामना, व्हितोरिया गिमारायशविरुद्ध. गायतानने बेन्फिकाला पुढे नेलं. शेवटची अकरा मिनिटं उरेपर्यंत ते पुढेच होते. ७९ व्या मिनिटाला गिमारायशचा सुदानी, ८१ व्या मिनिटाला रिकार्डो परेरा, आपला तिसरा परेरा. २-१. सामना संपल्यावर कार्दोझोने मैदानातच जेझुसला ढकललं आणि ते साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. पंधरा दिवसांत तीन चषक गेले, तिन्ही वेळा १-२ ने.

काय केलं गेलं

अशा वेळी क्लब काय करतो हे सगळ्यांना माहीत असतं. पोर्तोने तर विजेत्या प्रशिक्षकालाही ठेवलं नाही. व्हितोर परेरा सौदी अरेबियाला गेला, आणि पासोशला तिसऱ्या क्रमांकावर नेणारे पाउलो फोन्सेका आले. मोतिन्यो आणि हामेस मे संपण्याआधीच मोनाकोला विकले गेले, दोघांचे मिळून ७ कोटी युरो. बेन्फिकाचे अध्यक्ष लुईश फिलिपे व्हिएरा यांनी मात्र लोकांच्या रागाकडे दुर्लक्ष करून जेझुसचा करार वाढवला. तो निर्णय तेव्हा हट्ट वाटला होता. वर्षभराच्या पुराव्याकडे पाहिलं, ३० पैकी २४ विजय, युरोपीय अंतिम फेरी, विकलेल्या मधल्या फळीची पुनर्बांधणी, तर तो हट्ट नव्हता. आठवडे वाईट गेले होते, काम वाईट नव्हतं.

२०१३-१४ मध्ये जेझुसचा संघ पुन्हा तीन आघाड्यांवर लढला आणि पुन्हा युरोपा लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला, तिथे सेव्हियाकडून पेनल्टींवर हरला. पण लीगचं काम त्यांनी लवकर उरकलं. २० एप्रिल २०१४, ईस्टरचा रविवार, लूशवर ओल्यानेन्सविरुद्ध २-० आणि विजेतेपद पक्कं, दोन फेऱ्या शिल्लक असताना. युव्हेंटसविरुद्धची उपांत्य फेरी त्यानंतर सुरू झाली. त्या मोसमात त्यांनी लीग, कप आणि लीग कप असे तिन्ही देशांतर्गत चषक जिंकले, पोर्तुगालमध्ये ते पहिल्यांदाच घडलं.

त्या वर्षी लीगची शेवटची फेरी होती १० मेला, आणि बेन्फिकाचा सामना होता ड्रागाववर. आदल्या वर्षीच्या शनिवारला एक दिवस कमी एक वर्ष झालं होतं. जेझुसने राखीव फळीतली बरीचशी मुलं खेळवली. पोर्तो जिंकला, २-१ ने. त्यांचा पहिला गोल केला रिकार्डो परेराने, जो जमोरच्या सामन्यानंतर पोर्तोकडे आला होता. तो सामना आज कुणालाही आठवत नाही.